गाडीमास्तरांचे खरेखोटे शब्द

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा जीव रोज दुसऱ्याच्या हातात असतो, आणि तो दुसराही असा की ज्याला अजून गाडी येत नाही. मास्तरांनी आपला जीव असा निम्म्या गावाच्या हाती देऊन पाहिला होता. तरी त्यांचा रक्तदाब कधी वाढला नाही की आवाज कधी चढला नाही.

त्यांची गाडी लहान, पांढरी, चारी कोपऱ्यांना पोचे पडलेली. छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी. आत मास्तरांच्या पायाशी एक जास्तीचा क्लच आणि एक जास्तीचा ब्रेक. पण त्या ब्रेकवर त्यांचा पाय क्वचितच पडायचा. त्याआधी ते वेगळाच उपाय करायचे. शिकणाऱ्याने स्टीअरिंग आवळून धरलं, बोटांची पेरं पांढरी पडली आणि मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला, की मास्तर खिडकीबाहेर बघत, चहाच्या वेळी गप्पा माराव्यात तसं म्हणायचे, "लेफ्ट या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक आहे का तुम्हाला?"

"अं?"

"दुबळा. जुन्या इंग्रजीत लेफ्ट म्हणजे दुबळा, कुचकामी. डावा हात दुबळा, म्हणून त्याला ते नाव पडलं. आता आपल्याला दुबळ्या बाजूला वळायचंय. इंडिकेटर द्या."

शिकणारा बुचकळ्यात पडायचा. बुचकळ्यात पडलेल्या माणसाची बोटं आपोआप सैल होतात. गाडी गुमान वळायची, मागचे हॉर्न गप्प व्हायचे, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत मास्तरांचा पुढचा शब्द, रोड, सुरू झालेला असायचा. रोड म्हणजे आधी रस्ता नव्हेच, रोड म्हणजे घोड्यावरून जाणं. राइड आणि रोड सख्खी भावंडं. जाणं आधी, रस्ता नंतर.

हे वेड त्यांना लावलं एका ग्रंथपालबाईंनी. मास्तर तेव्हा तरुण होते, धंद्यात नवे होते आणि तेव्हा ओरडायचेसुद्धा. ग्रंथपालबाई निवृत्त व्हायला आलेल्या, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे स्वतः गाडी चालवत जायचं ही एकच इच्छा. भित्र्या इतक्या की गाडी सुरू झाली की डोळे मिटायच्या. मास्तर ओरडले की त्या शांतपणे म्हणायच्या, "ओरडू नका हो, मी जरा एक शब्द आठवते, मग जमेल मला." आणि स्वतःलाच समजावल्यासारखं सांगायला लागायच्या. व्हील आणि आपलं चक्र एकाच मुळातून आलंय. हॉर्न आणि शिंग एकाच मुळातून. लर्न म्हणजे शिकणं, पण त्याचं मूळ चाकोरीत आहे, माग काढत जाण्यात आहे. बोलता बोलता त्यांची गाडी सरळ चालायची. मास्तरांनी ओरडणं सोडलं आणि ऐकायला लागले. परीक्षेत बाई नापास होत राहिल्या, त्यामुळे शब्दही वाढत गेले. शेवटी एकदाच्या पास झाल्या, पेढ्यांऐवजी मास्तरांना एक छत्री दिली आणि बहिणीच्या गावी गेल्या त्या तिथेच रमल्या.

मास्तरांपाशी राहिले डझनभर शब्द. डझनभर शब्दांवर एक माणूस शिकवून होतो, दोन होतात. पण मास्तरांकडे शिकणाऱ्यांची रीघ लागली. कुणाला महिन्यात यायचं, कुणाला वर्ष लागायचं. पाववाल्या काकू तर दर उन्हाळ्यात नव्याने शिकायला यायच्या आणि दर हिवाळ्यात विसरायच्या. त्यांना तोच तो लेफ्ट किती वेळा सांगणार? मग एके दिवशी एक कुत्रा आडवा आला, काकूंनी किंचाळत दोन्ही हात सोडले, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "डॉग हा शब्द कुठून आला माहितीये? दगडावरून. लोक त्याला दगड मारतात ना, म्हणून दगड, दगड, डॉग."

काकूंनी हात पुन्हा स्टीअरिंगवर ठेवले. "हो का! किती सोपं आहे."

झालं. एकदा बांध फुटला म्हणजे फुटला. थंडर थंडवरून आला, कारण गडगडाट झाला की हवा थंड होते. गार्डन गारवरून, कारण बागेत गार वाटतं. हजबंड म्हणजे घराला बांधलेला. बंड म्हणजे बंध, दोरी. मास्तर खोटारडे नव्हते. पण एखादी गोष्ट विसाव्या वेळी सांगितली की ती आपण रचली की ऐकली, हे सांगणाऱ्यालाच आठवेनासं होतं. त्यांच्या डोक्यात बाईंचे शब्द आणि त्यांचे स्वतःचे शब्द एकाच डब्यात पडले आणि मिसळून गेले.

मास्तरांच्या बायकोला मात्र वास यायचा. ती इस्पितळाच्या कपडेधुलाईत कामाला होती, डाग कुठला कशाचा हे नजरेनं ओळखायची. "अहो, हा शब्द जुना वाटत नाही मला," ती म्हणायची. "कालच धुऊन वाळत घातल्यासारखा वाटतो." मास्तर हसून विषय बदलायचे.

अशात एक दिवस मुलानं जेवताना सांगितलं, "मी लग्न करतोय." मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होता, बोलायचा कमी. त्यामुळे त्यानं एवढं बोलल्यावर घरात आनंदीआनंद झाला. आईनं सगळं विचारून घेतलं. मुलगी कुठली, किती शिकलेली, हसते का, की पंपासारखी गप्प असते.

"करते काय?" मास्तरांनी विचारलं.

"कोशाच्या कार्यालयात आहे. इंग्रजी-मराठी मोठा कोश करतायत ना, तिथं. तिच्याकडे जुने शब्द आहेत."

"जुने म्हणजे?"

"जुन्या इंग्रजीतले. कुठला शब्द कुठून आला, पहिला अर्थ काय होता, ते शोधून लिहायचं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. बायकोनं पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर सरकवला. "प्या. आता आली का पंचाईत? आख्ख्या गावात मुली काय कमी होत्या, पण तुमच्या पोरानं बरोबर पोलीसच शोधून काढला."

मुलगी घरी आली त्या संध्याकाळी मास्तरांनी ठरवलं होतं, तोंड उघडायचं ते फक्त घास घ्यायला. मुलगी उंच, किडकिडीत, चष्म्याच्या काड्या सारख्या नीट करणारी. काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायची नाही, आधी आतल्या आत तपासून घ्यायची. पण मुलाच्या अंगात कधी नव्हे तो खट्याळपणा संचारला. "बाबा, ते चक्राचं सांगा ना हिला."

मास्तरांनी जपून सांगितलं. व्हील आणि चक्र.

"बरोबर आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "एकाच मुळाचे आहेत दोन्ही."

मास्तरांची छाती दोन बोटं वर आली. त्यांनी रोड सांगितला, तोही खरा निघाला. लॉर्ड सांगितला: लॉर्ड म्हणजे मूळचा पाव राखणारा, घरातल्या भाकरीचा रखवालदार. मुलगी हसली. "आणि लेडी म्हणजे त्या पावाची कणीक मळणारी."

"म्हणजे लेडी झालं तरी काम तेच," मास्तरांची बायको म्हणाली. "मग लेडी होण्यात फायदा काय? आणि हे लॉर्डसाहेब राखतात कुठली भाकरी? हे तर खातात."

सगळे हसले. घर मोकळं झालं. आणि माणूस नेमका अशाच वेळी घसरतो. मास्तर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "आणि डॉग! तो तर आपल्याकडूनच गेलाय. दगडावरून."

मुलगी एकदम पाण्याच्या पेल्यात बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. मुलानं तोंडावर रुमाल धरला. शेवटी मुलगीच सावरली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, डॉग कुठून आला हे खरं म्हणजे कुणालाच माहीत नाही. मोठमोठ्या पंडितांनी हात टेकलेत."

"कुणालाच नाही?"

"नाही. आम्हीसुद्धा तिथं 'मूळ अज्ञात' असंच छापणार आहोत."

मास्तर सगळ्यांबरोबर हसले. चांगले मोठ्यानं हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला शिकाऊ गाडीत बसला, चौकात अडकला, घामाघूम झाला, आणि मास्तर नुसतेच म्हणाले, "क्लच दाबा. पहिला गिअर टाका."

होणारी सून हसली याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. पोरगी गुणी होती, हसू किती दाबत होती हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना छळत होतं ते वेगळंच. आपण किती जणांना दगडाचा डॉग दिला! त्यात एक डॉक्टर होता. दोन शिक्षिका होत्या, त्यांनी वर्गात सांगितलं असेल तर? मास्तरांनी आयुष्यात कधी क्लचला ब्रेक म्हटलं नव्हतं. चुकीचं शिकवणं हे त्यांच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप. आणि तेच पाप त्यांनी हसत हसत, गाडीच्या काचा खाली करून, वर्षानुवर्षं केलं होतं.

लग्न झालं, सह्या करून, चार माणसांत. सून घरात आली, वरच्या खोलीत तिची पुस्तकं आली, आणि मास्तर मुके झाले. घरात 'हो', 'नाही', 'वाढ', आणि गाडीत 'क्लच, गिअर, आरसा'. शिकणाऱ्यांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. पाववाल्या काकूंनी सरळ विचारलं, "मास्तर, दात दुखतोय का?"

"नाही हो."

"मग शब्द?"

"संपले."

काकूंना या उत्तराचा एवढा धक्का बसला की त्यांनी गाडी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीवर नेली. पेटी आडवी झाली. मास्तरांचा पाय त्या महिन्यात जास्तीच्या ब्रेकवर जितका पडला तितका आधी कधीच पडला नव्हता.

बायकोनं एकदा गॅलरीत त्यांना गाठलं. ते गाडीची चटई झटकत होते. "सून घरात आल्यावर सासवा बिघडतात म्हणे. इथं सासराच बिघडला. लोक म्हणतील, सुनेनं आल्या आल्या सासऱ्याची वाचा बंद केली."

"तिचा काय दोष?"

"दोष नाही ना? मग बोला की तिच्याशी. ती बिचारी माझ्याकडे येऊन विचारते, बाबा माझ्यावर रागावलेत का."

मास्तर चटई झटकत राहिले. धूळ कधीच निघून गेली होती.

मग कोशाचं कार्यालय हललं. जुन्या इमारतीत पुस्तकांना वाळवी लागली होती, म्हणून सगळा कारभार गावाबाहेर टेकडीच्या पलीकडे नव्या जागेत गेला. तिकडे बस सकाळी एकदा जायची आणि संध्याकाळी एकदा यायची, तीही मन असेल तर. सुनेला गाडी शिकणं भाग पडलं. एका रविवारी मुलगा तिला घेऊन मैदानावर गेला. तासाभरानं दोघं परत आले, पण वेगवेगळे. मुलगा गाडीतून, सून चालत.

"नवऱ्यानं बायकोला गाडी शिकवू नये," मास्तरांची बायको म्हणाली. "मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे ओळखलं, म्हणून आजवर चालत फिरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काचा पुसत होते तेव्हा सून खाली आली. चष्म्याच्या काड्या दोनदा नीट केल्या. "बाबा, तुम्ही शिकवाल मला?"

"शिकवीन की. धंदाच आहे माझा."

ती बसली, पट्टा लावला, आरसे नीट केले, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. रिकाम्या रस्त्यावर बरी चालवली. पण गोल चौक आला आणि गाडी थांबली ती थांबलीच. चारी बाजूंनी वाहनं येत होती, जात होती. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. मग दुसऱ्यानं. सुनेचे हात स्टीअरिंगला चिकटले होते, बोटांची पेरं पांढरी.

"काय दिसतंय तुला?" मास्तरांनी विचारलं.

"सगळं. ती निळी गाडी मला धडकेल असं दिसतंय. तो सायकलवाला पडेल असं दिसतंय. रस्त्यावर जे नाही तेसुद्धा दिसतंय मला." तिनं आरशात ट्रककडे पाहिलं. "बाबा, काहीतरी सांगा ना. सगळं गाव म्हणतं तुम्ही शब्द सांगता. मलाच का नाही सांगत?"

"माझे शब्द खोटे आहेत, बाळ."

"चालेल. खोटा सांगा!"

ट्रकचा हॉर्न आता थांबायला तयार नव्हता. मास्तरांनी तिच्या हातातल्या चाकाकडे पाहिलं आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "स्टीअरिंग. हा शब्द स्टारवरून आला. पूर्वी लोक तारे बघून दिशा ठरवायचे, म्हणून स्टार, स्टीअर."

"नाही हो, बाबा!" सून उसळली. "ताऱ्यांचा काय संबंध? स्टीअर म्हणजे बोट हाकणं! जुन्या इंग्रजीत सुकाणूला जो शब्द होता ना, त्यावरून आलाय तो. असं कसं म्हणता तुम्ही?" आणि बोलता बोलता तिचा पाय क्लचवरून अलगद वर आला, गाडी पुढे सरकली, निळ्या गाडीच्या मागून चौकात शिरली.

"बरं, मग आपला सुकाणू कुठला?"

"तो अरबीतून आलाय."

"बघ! मी आपला त्याला घरचाच समजत होतो. इंडिकेटर."

तिनं इंडिकेटर दिला. चौक मागे पडला. शंभरएक पावलं पुढे गेल्यावर तिला कळलं की आपण चौक ओलांडला. तिनं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी रस्त्याकडे बोट दाखवलं, आणि दोघंही हसायला लागले. तिला हसता हसता रडू आलं, म्हणून मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

त्या दिवसापासून घरात चमत्कारिक शिकवणी सुरू झाली. मास्तर रोज सकाळी गाडी पुसता पुसता एक तरी धडधडीत खोटा शब्द तयार करायचे. जितका खोटा तितका चांगला. चढ आला की म्हणायचे, "मार्केट म्हणजे जिथं भाव मारतात आणि कट करतात." सून संतापायची आणि संतापाच्या भरात गिअर बरोबर पडायचा. बागेपाशी अरुंद जागेत गाडी मागे घ्यायची होती, तेव्हा त्यांनी आपला जुना गार्डन काढला, गारव्यावरून आलेला. "गार्डन म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाबा! यार्ड आणि गार्डन एकाच घरातले. आपली वाडीसुद्धा कुंपणावरूनच आली म्हणतात." गाडी दोन झाडांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कुठं न घासता.

कधी कधी ती खरेही द्यायची. एकदा सिग्नलला म्हणाली, "विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. विंड आणि आय. जहाजांतून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांचा शब्द. आणि आपलं गवाक्ष? गाईचा डोळा."

मास्तर इतके गुंगून गेले की सिग्नल हिरवा झालेला त्यांनाच दिसला नाही. तिनंच गाडी काढली. दोन चौक मागे पडल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांनाच भिंतीत डोळा का दिसला असेल गं?"

"ते कोशात लिहीत नाहीत," ती म्हणाली. "पण मलाही तोच प्रश्न पडतो."

टेकडीच्या रस्त्यावर एकदा समोरून भरधाव बस आली. सुनेनं गाडी बाजूला घेतली, अगदी व्यवस्थित घेतली, पण बस गेल्यावर इंजिन बंद करून ती तिथंच बसून राहिली. या वेळी शब्द तिनंच काढला. "फिअर म्हणजे पूर्वी भीती नव्हती, बाबा. अचानक येणारं संकट, दबा धरून केलेला हल्ला, त्याला फिअर म्हणायचे. मनातल्या भीतीला तो शब्द नंतर लागला."

"म्हणजे आधी बाहेर होती ती, आणि मग आत येऊन बसली?"

"तसंच काहीसं."

"मग बस तर गेली," मास्तर म्हणाले. "आता आत कोण आहे बघ. कुणी नसलं तर निघू."

तिनं डोळे मिटले, एकदा खोल श्वास घेतला आणि गाडी सुरू केली.

परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. परीक्षक अवाक्षर बोलला नाही आणि त्या शांततेत तिला पुन्हा नको ते सगळं दिसायला लागलं. घरी येऊन तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं. सासूनं चहा नेऊन दिला. "तुझा सासरा स्वतः दुसऱ्या खेपेला पास झालाय. कुणाला सांगत नाही. तूही सांगू नकोस."

दुसऱ्या वेळी परीक्षक वेगळा होता. जाड मिशा, कपाळाला आठी. मास्तर परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. चढावर सुनेची गाडी बंद पडली. तिनं पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. परीक्षकानं आपली पेन्सिल कानामागे ठेवली आणि समोर बघत म्हणाला, "घाबरू नका, बाई. स्लोप म्हणजे काय? स्लो. चढावर स्लो जायचं, म्हणून स्लोप. मला माझ्या मास्तरांनी सांगितलंय."

"नाही हो, साहेब!" सुनेचा संयम सुटला. "स्लोचा आणि स्लोपचा काही संबंध नाही! स्लोप बहुतेक निसटण्यावरून आलाय, घसरून जाण्यावरून, जुन्या इंग्रजीत तसं क्रियापद होतं..." आणि गाडी चढ चढून वर गेली. वर पोचल्यावर तिला भान आलं की आपण परीक्षकाशी भांडलो. ती लाल झाली. परीक्षकानं मिशीवरून हात फिरवला, कागदावर सही केली आणि म्हणाला, "निसटण्यावरून. बरं झालं सांगितलंत. मी पोरांना चुकीचं सांगत होतो."

फाटकाबाहेर येऊन तिनं मास्तरांना हे सांगितलं तेव्हा मास्तर आधी आनंदानं उडाले आणि मग ओशाळले. "तो मिशीवाला? तो माझाच विद्यार्थी. त्याला स्लोप मीच दिला होता."

"मला वाटलंच," सून म्हणाली.

त्यानंतर मास्तरांनी एक काम मनावर घेतलं. जुने शिकाऊ भेटतील तिथं, दुकानात, इस्पितळाच्या रांगेत, केस कापताना, त्यांना थांबवून आपले खोटे शब्द परत मागायचे. डॉक्टर खदखदून हसला आणि म्हणाला, त्याला शब्द आठवतच नव्हता, फक्त हात थरथरायचे थांबले एवढं आठवत होतं. शिक्षिकांपैकी एकीनं वर्गात खरंच सांगितलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात दुरुस्ती केली आणि मुलांना ती दुरुस्तीच जास्त आवडली. पाववाल्या काकूंनी मात्र साफ नकार दिला.

"मी नाही परत करत. माझ्या नातवाला मी डॉग दगडाचाच सांगणार."

"अहो काकू, पण तो खोटा आहे. खरा कुणालाच माहीत नाही."

"मग तर प्रश्नच मिटला. कुणालाच माहीत नाही, तर माझा का नको?"

संध्याकाळी मास्तरांनी काकूंचा हा युक्तिवाद सुनेपुढे ठेवला, तर तिनं तो हसत हसत वहीत टिपून घेतला.

आता मास्तरांच्या गाडीत दोन प्रकारचे शब्द चालतात, पक्के आणि घरचे. सांगायच्या आधी ते सांगून टाकतात, "हा पक्का," किंवा, "हा घरचा आहे, विश्वास ठेवू नका." शिकणारे बहुतेक घरचाच मागतात. आणि एखाद्यानं असा शब्द विचारला की ज्याचं काहीच ठाऊक नाही, तर मास्तर स्वच्छ सांगतात, "मूळ अज्ञात." हे दोन शब्द त्यांना फार आवडतात. ते म्हणताना त्यांचा आवाज एखाद्या न्यायाधीशासारखा होतो. घरी किल्ली सापडली नाही, मोज्याचा जोडीदार हरवला, भिंतीवर ओल आली, की कारण एकच, मूळ अज्ञात.

जेवणं आता लांबतात. परवा सुनेनं सांगितलं, सॅड या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ दुःखी नाही. सॅड म्हणजे तृप्त, पोट भरलेला. पोट भरून माणूस जड होतो, जड होऊन गंभीर होतो, आणि गंभीर होता होता शब्द पार उदासीत जाऊन पडला. मास्तरांची बायको नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मग हे रोज रात्री जेवण झालं की सॅडच असतात. मी उगाच काळजी करत होते." हजबंडचीही त्या दिवशी सुनावणी झाली. सुनेनं निकाल दिला, बंड म्हणजे दोरी नव्हे, घरात राहणारा, घरधनी. बायको म्हणाली, "तुझं पुस्तक बरोबर असेल गं, पण या एका बाबतीत मला यांचाच अर्थ पटतो."

आणि गेल्या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. बायको धुलाईतून निवृत्त झाली. पहिले चार दिवस घरातले सगळे कपडे दोनदा धुऊन झाले. पाचव्या दिवशी ती सुनेला म्हणाली, "मला गाडी शिकव."

मास्तर वर्तमानपत्रातून वर आले. "अगं, मी आहे ना! इतकी वर्षं तुला म्हणतोय."

"तुम्ही नवरा आहात. नवऱ्याकडून शिकायचं नाही, हे माझं आधीच ठरलंय. तुम्हाला यायचं तर मागे बसा. आणि बोलायचं नाही, ना पक्कं, ना घरचं."

रविवारी सकाळी तिघं निघाली. मास्तरांनी आपली जागा सुनेला दिली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागच्या बाकावर बसले. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकत होते. मागच्या सीटचं कापड उसवलंय हे त्यांना आजच कळलं. बायकोनं पदर खोचला, आरशात एकदा स्वतःकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

गाडी दोन गचके खाऊन निघाली. सून बाजूला बसून हळू आवाजात सांगत होती. क्लच, गिअर, आरसा. अगदी मास्तरांच्याच सुरात, घाई नाही, ओरडणं नाही. बायको ऐकत होती, मान डोलवत होती, आणि स्टीअरिंग असं धरून होती जसा एखादा ओला जड पडदा पिळायला घ्यावा. पाववाल्या काकू दुकानाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला, बायकोनंही हलवला, आणि सून म्हणाली, "आई, हात!"

मास्तरांच्या जिभेवर एक शब्द आला होता. त्यांनी तो गिळला आणि काच खाली केली. ज्या रस्त्यांवरून ते रोज जात, त्यांच्या कडेची घरं त्यांना आज बाजूनं दिसत होती. कुणाच्या गॅलरीत पांढरं मांजर, कुणाच्या भिंतीला नवा निळा रंग, एका दारात शाळकरी मुलगी बुटाची नाडी बांधत बसलेली. इतकी वर्षं त्यांनी फक्त समोरचा रस्ता पाहिला होता. बायकोनं गोल चौकात गाडी घातली, एक फेरी पुरी केली, बाहेर पडायचा रस्ता चुकला आणि दुसरी फेरी सुरू केली.

"आई, इथून बाहेर पडायचं," सून म्हणाली.

"थांब गं," बायको म्हणाली, "बरं वाटतंय मला. अजून एक फेरी मारू दे."